मोजलेले आणि न मोजलेले

गेल्या पावसाळ्यांत आमच्या कॉलेजांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं महाराष्ट्राचा एक नकाशा तयार करून वर्गाच्या भिंतीवर लाविला. २०११ सालच्या जनगणनेंत शून्य ते सहा वर्षें वयाच्या दर हजार मुलग्यांमागें किती मुली भरल्या, हें जिल्ह्याजिल्ह्याला निरनिराळा रंग देऊन त्यांत दाखविलें होतें. मुली कमी तेथें रंग गडद, असा संकेत. बीड जिल्हा सर्वांत काळा होता. कारण तेथील ८०७ हा आंकडा राज्यांत सर्वांत खालचा. त्या नकाशापुढें बीडकडचीच एक विद्यार्थिनी बराच वेळ उभी होती. शेवटीं ती मला म्हणाली, "सर, तेव्हां मी चार वर्षांची होतें. म्हणजे त्या आठशें सातांत मी आहें." एवढें बोलून ती आपल्या जागीं जाऊन बसली. तिच्या शब्दांत तक्रार होती कीं नुसती नोंद, हें मला त्या वेळीं उमगलें नाहीं. पण तें वाक्य अद्यापि मनांतून जात नाहीं.

आमच्या विद्यार्थिदशेंत खानेसुमारीचे आंकडे पाहावयाचे म्हणजे ग्रंथालयाच्या तळघरांतील धुळकट ग्रंथ काढून घ्यावे लागत. आज कोणीही संगणकापुढें बसून सरकारच्या संकेतस्थळावरून गांवागांवाचीं कोष्टकें उतरवून घेऊं शकतो, आणि घटकाभरांत त्यांचा रंगीत नकाशाही होतो. हें ज्ञान सर्वांस खुलें झालें याचा मला आनंदच आहे. परंतु कोष्टक आणि नकाशा यांचें लग्न लावणें हें दिसतें तितकें सोपें नाहीं. एकाच बीडचें रोमन स्पेलिंग एका फाईलींत एक, तर दुसरींत दुसरें. तेव्हां नांवांवर विसंबणारा फसतो व जिल्ह्याच्या सांकेतिक क्रमांकाचा आश्रय करावा लागतो. दुसरें असें कीं, २०११ चें कोष्टक ३५ जिल्ह्यांचें आणि आजचा नकाशा ३६ जिल्ह्यांचा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यांतून निघाला. आमच्या मुलांनीं प्रथम ठाण्याचाच आंकडा दोघांना देऊन टाकिला होता! म्हणजे जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांना कल्याण-डोंबिवलीचा रंग चढला. तालुक्यांच्या बेरजा पुन्हां करून ती चूक काढली. पण ती कोणी काढली नसती तर पाहणाराला संशयही आला नसता, कारण नकाशा सुबक होता. एकही आंकडा खोटा न लिहितां असत्य सांगतां येतें, हें मला तेव्हां प्रथम नीट कळलें.

माझ्या स्वतःच्या जिल्ह्याचीच गोष्ट घ्या. रत्नागिरींत २०११ सालीं दर हजार पुरुषांमागें १,१२२ स्त्रिया होत्या. सर्व वयांच्या स्त्रीपुरुषांचें प्रमाण दाखविणाऱ्या नकाशांत हा जिल्हा अगदीं उजळ निघतो, आणि परका मनुष्य सहज म्हणेल कीं, येथें स्त्रीजातीचा मोठा मान असला पाहिजे. मान आहे कीं नाहीं तें असो. खरी गोष्ट ही कीं, पुरुष घरीं नाहींत. मुंबई शहर जिल्ह्याचा त्याच वर्षींचा आंकडा ८३२ आहे. तो रत्नागिरीच्या आंकड्याशेजारीं ठेवावा, म्हणजे त्या उजळ रंगाचा बराचसा अर्थ लागतो. माझे वडील गिरणींत होते. माझ्या लहानपणींच्या खानेसुमारींत ते मुंबईच्या खातीं पडले असतील. आई आणि आम्हीं भावंडें रत्नागिरीच्या. सरकारी हिशेबांत कोणाचीही गळती झाली नाहीं. पण आमचें घर मात्र कोणत्याच कोष्टकांत सबंध सांपडावयाचें नाहीं. २००१ सालीं १६,९६,७७७ लोकवस्ती असलेला हा जिल्हा २०११ सालीं १६,१५,०६९ वर आला. तरी नकाशांतला त्याचा उजळपणा कांहीं कमी झाला नाहीं.

येथें एक भेद पाहण्यासारखा आहे. रत्नागिरीचे न दिसणारे पुरुष दुसऱ्या एका कोष्टकांत हयात आहेत. बीडच्या ज्या मुली दिसत नाहींत, त्या कोणत्याही कोष्टकांत नाहींत. फेब्रुवारी महिन्यांत, ज्या वेळीं ही गणना झाली त्या वेळीं, बीडकडील ऊसतोडणीचीं कुटुंबें कारखान्यांवर गेलेलीं असतात हें मी जाणतों. पण तेवढ्यानें ८०७ चा उलगडा होतो असें मला वाटत नाहीं. तो आंकडा २००१ सालीं ८९४ होता. दहा वर्षांत जो फरक पडला तो गर्भांतच मुली नाहींशा करण्याचा, असेंच मानावें लागतें; आणि तेंही गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध महाराष्ट्रानें १९८८ सालीं व केंद्र सरकारनें १९९४ सालीं कायदा केल्यानंतर. मग तो काळा रंग कोणाचा? ज्यांनीं परीक्षा करविली आणि ज्यांनीं पैसे घेऊन ती केली, त्यांच्यासाठीं पत्रकांत रकाना नाहीं. कोष्टकाची भाषा सदा कर्मणि प्रयोगाची. तींत कर्ता लुप्त असतो. ज्या जगल्या त्याच तेवढ्या मोजल्या गेल्या, आणि डाग त्यांच्याच अंगावर पडला. ती मुलगी बोलली तें याच्याविषयीं होतें असें मला आतां वाटतें.

मग नकाशा काढूंच नये काय? असें म्हणणारे एक सद्गृहस्थ मला भेटले. त्यांचें म्हणणें, जिल्ह्याची अब्रू चव्हाट्यावर मांडूं नये. हें मला मुळींच मान्य नाहीं. आंकडा झांकल्यानें अब्रू राहते ती गुन्हेगाराची. १८५४ सालीं लंडनमध्यें डॉक्टर जॉन स्नो यानें ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीनें मेलेल्यांच्या खुणा नकाशावर मांडल्या आणि त्या एका पंपाभोंवतीं गोळा झालेल्या दिसल्या. मृत्यूचीच ती मांडणी. पण जिवंतांच्या उपयोगाची.

तथापि त्याच जातीचा दुसराही एक नकाशा आहे. १९४१ सालच्या मे महिन्यांत, जर्मन अंमलाखालीं असतांना, ॲम्स्टरडॅम शहराच्या सांख्यिकी खात्यानें शहरांत ज्यू लोक कोठें राहतात याचा नकाशा करून दिला. एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. पुढच्या कांहीं वर्षांत हॉलंडमधील सुमारें तीन चतुर्थांश ज्यू मारले गेले. ठिपके अचूक होते. ते काढणारे कारकून आपल्या कामांत प्रामाणिकही असतील, आणि तेंच भयंकर आहे. उलट, २७ मार्च १९४३ रोजीं विल्लेम अरॉंडेउस व त्याच्या सोबत्यांनीं त्या शहराच्या लोकनोंदणीच्या कचेरीवर हल्ला करून दप्तराला आग लाविली. त्या कृत्याबद्दल बाराजणांना गोळ्या घातल्या गेल्या. जन्मभर पुस्तकांत राहिलेल्या माझ्यासारख्याला दप्तर जाळणें हें पाप वाटतें. पण येथें तें पाप म्हणण्यास जीभ उचलत नाहीं.

आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्यानें व्यक्तीनें दिलेलें उत्तर गुप्त ठेविलें आहे. तें न्यायालयांतही पुराव्यादाखल घेतां येत नाहीं. पण बेरीज गुप्त नाहीं, आणि बेरीज लहान झाली कीं ती व्यक्तीच होते. एखाद्या वाडीच्या गांवीं अनुसूचित जातीचीं चार माणसें असें कोष्टकांत आलें, तर तीं कोणाच्या घरचीं हें त्या गांवांत शेंबडें पोरही सांगेल. पुण्यास बसून त्या गांवाला रंग देणाराला मात्र तें कधीं सुचणार नाहीं. त्या चौघांना कोणी विचारलें होतें?

हा प्रश्न आतां लांबणीवर टाकतां येण्यासारखा नाहीं. २०२१ ची गणना महामारीमुळें राहिली. पुढील गणनेसाठीं देशाच्या बहुतेक भागांत १ मार्च २०२७ हा दिवस धरला आहे, आणि १९३१ नंतर प्रथमच तींत सर्वांची जात विचारली जावयाची आहे. त्या कोष्टकांचे नकाशे काढणारे हात हजारों असतील, आणि त्यांतले पुष्कळ घाईचे.

आमच्या भिंतीवरचा नकाशा मीं काढावयास सांगितला नाहीं. त्या मुलीनें दुसऱ्या आठवड्यांत माझ्याकडून बीडच्या तालुक्यांचीं कोष्टकें मागून घेतलीं. तिचें म्हणणें, जिल्हा सबंध एका रंगानें रंगवूं नये. तालुका तालुका वेगळा दाखवावा, आणि जिल्ह्यांतील शून्य ते सहा वयाच्या किती मुली हयात होत्या ती संख्या खालीं ठळक लिहावी. काळ्याऐवजीं कोणता रंग घ्यावा यावर वर्गांत दोन तास वाद झाला. तो अद्यापि मिटलेला नाहीं.