हल्लेखोर घरचाच?

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने, ही धास्ती आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी घेतली आहे. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून तयार होई. टोचल्यानंतर क्वचित कुणाचे पाय लुळे पडत, आणि ते रेबीजमुळे नसे. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा ‘ऑटोइम्यून’, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा, आजार आहे असे आज डॉक्टर सहज सांगतात. त्या कल्पनेचा उगम अशाच लशींच्या अपघातांत आहे.

पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयात शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराला स्वतंत्र ओळख दिली. मेंदूत नि मज्जारज्जूत विखुरलेले टणक चट्टे, तिथे मज्जातंतूंवरचे मायलिनचे वेष्टण गेलेले, आतला तंतू मात्र पुष्कळदा शाबूत. निरीक्षण असे नेमके. पण कारण विचारले तर ओल, थंडी, दीर्घकाळचे दुःख! त्यांचे शिष्य पिएर मारी यांनी १८८४ मध्ये संसर्गाकडे बोट दाखवले. शरीर स्वतःवरच उलटेल हे कुणाच्या मनात येणे अवघड होते. पुढे रोगप्रतिकारशास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी तर शरीर स्वतःला विषारी ठरेल असे काही करायचे टाळते असे मांडले, आणि त्यांचा दबदबा मोठा होता.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधले थॉमस रिव्हर्स हे मुळात विषाणूंचे अभ्यासक. लशीनंतरच्या लकव्याचा छडा लावताना त्यांनी सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क माकडांना पुन्हा पुन्हा टोचला. काही माकडे लुळी पडली, त्यांचे मायलिन गेलेले दिसले. जंतू कुठेच सापडला नाही. हे १९३३ सालचे. मायलिनवर तुटून पडणारी शरीराचीच फौज, हे चित्र इथून रुजले.

माझ्या मते ते जरा जास्तच घट्ट रुजले. माकडात मुद्दाम घडवलेला आजार म्हणजे एमएस नव्हे, याचा संशोधकांना अधूनमधून विसर पडत गेला. सगळा दोष प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशींवर ठेवला गेला होता. मग त्याच फौजेतल्या बी-पेशी हटवणारे ओक्रेलिझुमॅब हे औषध प्रभावी ठरले, २०१७ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि कथानक दुरुस्त करावे लागले.

२०२२ मध्ये मारींची बाजू पुन्हा वर आली. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक जणांच्या नोंदींत एमएसचे ९५५ रुग्ण सापडले. एप्स्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर धोका ३२ पट वाढलेला दिसला. पण हा विषाणू बहुतेक सगळ्याच प्रौढांच्या शरीरात असतो, आणि एमएस होतो मोजक्यांना. जनुके, धूम्रपान, ड जीवनसत्त्वाची कमतरता यांचाही वाटा आहेच. म्हणजे संसर्ग की ऑटोइम्यून, हा वादच चुकीचा मांडला गेला होता: ठिणगी बाहेरची आणि जाळपोळ घरच्यांची, असे असू शकते.

रुग्णाचा प्रश्न मात्र वेगळा असतो. आजची औषधे आजाराचे नवे झटके बरेच कमी करतात. तरी काहींची चाल झटक्याशिवायही वर्षागणिक मंदावत जाते. रक्तातून येणाऱ्या पेशी रोखूनही मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशींचा दाह आतल्या आत चालू राहतो. तिथे ही औषधे फारशी पोहोचत नाहीत.