आधी हिशेब, मग समता

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तेव्हापासून शहापूर-मुरबाडात एक युक्तिवाद जोरात आहे: गोदामं येऊ द्या, कारखाने येऊ द्या, माणसं खांद्याला खांदा लावून राबू लागली की जात आपोआप गळून पडेल. चार पुस्तकं वाचलेली मंडळी वर अमेरिकेतल्या बक्सटनचा दाखला देतात.

बक्सटन विलक्षण होतं, यात वाद नाही. आयोवा राज्यातली ही कोळसा खाणकामगारांची वसाहत १९००च्या सुमारास कन्सॉलिडेशन कोल कंपनीने वसवली. १९०५मध्ये वस्ती पाच हजारांच्या घरात होती आणि त्यातले निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय. दक्षिणेकडे झुंडी काळ्या माणसांना फासावर लटकवत होत्या, त्याच वर्षांत इथे काळे डॉक्टर आणि वकील होते, काळी-गोरी मुलं एका शाळेत शिकत होती.

पण कंपनीचे गोडवे गाऊ नका. हीच कंपनी १८८०च्या दशकात जवळच्या मचाकिनॉकच्या खाणीवर व्हर्जिनियातून काळे मजूर घेऊन आली, ती गोऱ्यांचा संप मोडायला. तिला समता नको होती, कोळसा हवा होता.

तरीही एवढ्यावर बक्सटन निकालात निघत नाही. हेतू काहीही असो, तिथे टनामागचा दर काळ्याला आणि गोऱ्याला एकच होता, आणि खाणकामगारांच्या युनियनमध्ये दोघंही सभासद होते. शेजार त्यामुळे टिकला. पुढे खाणी बंद पडल्या, १९२०च्या दशकात गावही उठलं.

आता आपल्या वीटभट्टीवर या. इथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच राबताहेत. कातकरी कुटुंब पावसाळ्यात, अडीनडीला शेठकडून उचल घेतं आणि दिवाळी उरकली की पोराबाळांसह भट्टीवर जातं. नवरा चिखल मळतो, बायको साच्यातून विटा पाडते, मुलं ओल्या विटा उलटतात. मजुरी हजार विटांमागे. पण वहीत नाव एकट्या नवऱ्याचं. आठवड्याला खर्ची मिळते, ती उचलीत चढते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो, तेव्हा किती विटा पाडल्या ते शेठची वही सांगते. मजुराकडे स्वतःचा कागद नसतो. फिरली नाही ती बाकी पुढच्या हंगामाला, म्हणजे कुटुंब पुन्हा त्याच भट्टीला बांधलेलं.

म्हणून 'एकत्र काम करा' हा उपदेश मला संतापजनक वाटतो. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६चा. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणं म्हणजे सक्तीची मजुरी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्ये आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलं. तरी आजही भट्टीचा हा सौदा वहीवर आणि तोंडी चालतो. उद्या गोदामात हीच वही, हीच उचल आली, तर छप्पर तेवढं बदलेल.

हा अंक हाती येईल तेव्हा आपल्या तालुक्यांतली कुटुंबं भट्टीवर निघायच्या तयारीत असतील. वाचकांनी यंदा एक काम करावं: पाड्यावर जाऊन उचलीची रक्कम आणि हजारी दर कागदावर उतरवून घ्यावा, नवरा आणि बायको दोघांची नावं त्यावर घालावीत, एक प्रत त्यांच्या हाती ठेवावी आणि एक तहसील कार्यालयात द्यावी.