शरणागताचे रक्षण : सशाची लीळा आणि खारीचे पिल्लू

लीळाचरित्रातील सशाची लीळा ठाऊक नाही असा अच्युतगोत्रीय क्वचितच आढळेल. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे जीव घेऊन पळणारा ससा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींपाशी येतो आणि त्यांच्या मांडीखाली दडतो. पारधी मागोमाग येऊन ससा मागतात. स्वामी शरण आलेल्या जीवास मरणाच्या हाती देत नाहीत, उलट पारध्यांनाच हिंसेच्या दोषाची जाणीव करून देतात. पारधी निघून गेल्यावर मांडी उचलली जाते आणि सशाला जाण्यास सांगितले जाते. एवढीच लीळा.

निरूपणकार या लीळेत बहुधा पारध्यांच्या हृदयपालटावर भर देतात, आणि तो योग्यही आहे. परंतु लीळा सशाच्या बाजूने पाहिली असता तिच्यात आणखी एक अर्थ दिसतो. सशाला तिथे काही क्षणांचा आसरा मिळाला, त्याच्या जिवावरचे नेमके संकट टळले आणि नंतर त्याची मोकळीक झाली. स्वामींनी ससा पाळला नाही. त्याच्या गळ्यात घुंगरू बांधले नाही. रक्षण म्हणजे काय, हे समजण्यास हा शेवटचा भाग विशेष महत्त्वाचा आहे. पण कथा सांगताना आपण तो घाईने उरकतो.

ह्या विषयाकडे वळण्याचे कारण एका वासनिक दांपत्याने केलेला प्रश्न होय. मठाच्या ओसरीची रंगसफेदी चालू असता वळचणीतून खारीचे घरटे खाली आले. काथ्याचे तंतू, कापूस आणि चिंध्यांचे ते बोचके मजुराने दूर फेकले. संध्याकाळी त्यात एक उघडे, डोळे मिटलेले पिल्लू हलताना दिसले. त्या माउलीने ते घरी नेले, वाटीत गाईचे दूध घेतले, बोळ्याने पाजले. पहिल्या दिवशी पिल्लू दूध घेई. तिसऱ्या दिवशी त्याचे पोट फुगले, पातळ हगवण लागली, कातडी सुरकुतली. सहाव्या दिवशी ते गेले. दोघांचा प्रश्न असा : आम्ही नाम घेत पाजत होतो, मग दयेचे फळ असे का? आणि दोष कोणास लागला?

कोणी चटकन उत्तर देईल की त्या जीवाचे कर्म तेवढेच होते. हे उत्तर मला मान्य नाही. जीव अनादि अविद्येने बद्ध आहे आणि कर्मानुसार योनीयोनीत फिरतो हे आपल्या शास्त्रात आहेच. पण दुसऱ्या जीवाच्या कर्माचा हिशेब आपल्या हाती दिलेला नाही. सशालाही कर्म होते. तरी स्वामींनी पारध्यांना, हे याच्या कर्माने घडते आहे, न्या, असे म्हटले नाही. कर्माचा सिद्धांत स्वतःच्या दुःखाकडे पाहताना उपयोगी पडतो. परक्याच्या दुःखापासून हात झटकण्यासाठी तो वापरला तर ती केवळ आळसाची सबब होते.

तेव्हा उत्तर अन्यत्र शोधले पाहिजे, आणि ते कडू असले तरी स्पष्ट आहे. त्या माउलीच्या दयेत न्यून नव्हते, न्यून होते ते ज्ञानात. गाईचे दूध वासरासाठी आहे. त्यातील साखर खारीच्या कोवळ्या आतड्यास नीट पचत नाही. पोट फुगते, अतिसार होतो, आणि वीस-पंचवीस ग्रॅमच्या देहातील पाणी पाहता पाहता निघून जाते. आपण ज्यास पोषण समजत होतो तेच त्याचे शोषण करीत होते. पारध्याला निदान आपण मारतो आहोत हे ठाऊक असते. अजाण दयाळूला तेही ठाऊक नसते. दोष कोणास, हे मी ठरवणार नाही. मात्र हे जाणून घेतल्यावरही पुढच्या वेळी तेच करणाऱ्यास तो खचित लागेल.

म्हणून आता, जे जाणावयास हवे ते थोडे विस्ताराने सांगतो. शास्त्रचर्चेच्या पानांत पिचकारी आणि कापूस कशाला, असे काही भिक्षुबंधूंस वाटेल. अहिंसा हे आपल्या आचाराचे मूळ असेल तर ती कशी पाळावी हेही आचारातच येते. पाणी गाळून घेण्यास आपण क्षुद्र मानीत नाही; मग हेही क्षुद्र नव्हे.

पिल्लू सापडताच पाजण्याची घाई करू नये. आधी पाहावे ते त्याची आई जवळ आहे काय. माणसाचा स्पर्श झाला की आई पिल्लू टाकते ही समजूत खरी नाही. खार दिवसा वावरणारा प्राणी आहे. पिल्लू उबदार करून, मऊ कापड घातलेल्या उघड्या टोपलीत, मुंग्या आणि मांजरे पोहोचणार नाहीत अशा बेताने पडलेल्या घरट्याजवळ उंचावर ठेवावे आणि माणसांनी दूर व्हावे. पुष्कळदा खार येते, पिल्लू तोंडात धरते आणि दुसऱ्या घरट्यात नेते. आपल्या साऱ्या सेवेपेक्षा हे एक नेणे मोलाचे आहे. मात्र पिल्लू मांजराच्या तोंडून सुटलेले असेल तर वाट पाहू नये. मांजराच्या दातांतील जंतूंनी लहान प्राण्याच्या रक्तात विष पसरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडून औषध मिळाले पाहिजे.

आई आली नाही, तर पहिली गरज उबेची. उघड्या पिल्लाला स्वतःची ऊब टिकवता येत नाही, आणि गार पडलेल्या देहात अन्न पचत नाही. थंड पिल्लाला पाजलेले दूध पोटात तसेच राहून नासते. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टोपलीच्या एका बाजूस ठेवावी, दुसरी बाजू मोकळी असावी, म्हणजे ताप जास्त झाला तर त्याला सरकता येईल. अंग हाताला उबदार लागेपर्यंत तोंडात थेंबही घालू नये.

त्यानंतर पाणी. मानेमागची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडावी. ती तंबूसारखी उभी राहिली तर देहातील पाणी आटले आहे असे समजावे. दवाखान्यात मिळणारे जीवनजल कोमट करून सुई काढलेल्या एक मिलिलीटरच्या पिचकारीने थेंब थेंब द्यावे. त्यानंतरच दूध, आणि ते कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटी कालवून केलेले. प्रमाण वजनाच्या विसाव्या हिश्श्याएवढे, म्हणजे वीस ग्रॅमच्या पिल्लास एका वेळी एक मिलिलीटर. लहान पिल्लास दोन-तीन तासांनी, रात्रीही. दया करणाऱ्याचा हात नेमका इथे चुकतो : पिल्लू आणखी मागते आहे असे वाटून तो आणखी देतो. त्या पिल्लाचे पोट किती लहान आहे, हे आपल्या मायेला दिसत नाही.

पिल्लाला बाळासारखे उताणे धरून पाजू नये. पोटावर, डोके किंचित वर, असे धरावे. घाईने दिलेले दूध श्वासनलिकेत उतरते. नाकाशी बुडबुडे आले तर तत्काळ थांबून डोके खाली करावे व नाक पुसावे. पुढे श्वासाबरोबर किटकिट असा आवाज येऊ लागला, तर फुप्फुसात दाह झाला असे जाणावे. त्यावर घरगुती उपाय नाही, पशुवैद्याकडे न्यावे. तालुक्याचा दवाखाना गाईम्हशींसाठी असतो, तिथे खारीचे पिल्लू नेले तर हसतील, ही लाज आड येऊ देऊ नये. नागपुरात सेमिनरी हिल्स येथे वनविभागाचे वन्यप्राणी उपचार केंद्र आहे. अन्यत्र वनखात्यास कळवावे.

आणखी एक गोष्ट बहुतेकांस ठाऊक नसते. एवढ्या लहान पिल्लास आपोआप मलमूत्रविसर्जन होत नाही. आई चाटते तेव्हा होते. पाजण्यापूर्वी किंवा नंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती जागा हलकेच पुसावी लागते. न पुसल्यास पोट तटतटते आणि पाजणारा समजतो की पिल्लू तृप्त आहे.

इतके करूनही पिल्लू वाढत नाही असे घडते. ते दूध घेते, पण अंगी लागत नाही. दिवसेंदिवस डोके मोठे आणि देह बारीक दिसू लागतो. अशा वेळी घरात मतांचा बाजार भरतो. एक म्हणतो भूक आहे, एक म्हणतो थंडी बाधली, एक म्हणतो जंत असतील. दृष्टांतपाठातील जात्यंधांच्या हत्तीची आठवण व्हावी अशी ही अवस्था असते. ज्याच्या हाती जे लागले तेच त्याला सबंध वाटते. त्यावर उपाय म्हणजे रोज ठरल्या वेळी, पाजण्याआधी, सोनाराच्या तागडीसारख्या बारीक काट्यावर पिल्लाचे वजन करून लिहून ठेवणे. दोन दिवस वजन चढले नाही, तर ऊब, दुधाचे प्रमाण, मल आणि श्वास ही सर्व एकाच वेळी तपासावी. दूध एकदम दाट केले गेले असेल, दोन पाजण्यांमधले अंतर फार असेल, रात्री बाटली गार होत असेल. कारण बहुधा असे साधे असते आणि ते पाहणाराला सापडते. काही वेळा ते सापडत नाही. घरट्यातून पडताना आत झालेली इजा, जन्मतःची दुर्बळता, ही आपल्याला दिसत नाही.

आता भिक्षुबंधूंविषयी. ज्याने संग सोडला त्याने खारीचे पिल्लू उराशी धरावे काय, हा प्रश्न पोकळ नाही. अटन करणाऱ्यास दर दोन तासांनी पाजणे घडणार नाही, आणि पिल्लू झोळीत घेऊन हिंडणे ही त्या पिल्लाचीच हिंसा होय. त्याने ते उचलावे, उबेत ठेवावे आणि जाणत्या वासनिकाच्या हाती द्यावे. ससा तरी मांडीखाली किती वेळ होता? पारधी जाईपर्यंत. जो मठात स्थिर आहे त्याने वाटल्यास सेवा करावी. पण पिल्लाला नाव ठेवणे, आल्यागेल्यास दाखवणे, खांद्यावर खेळवणे, हे सुरू झाले की आपण त्याच्यासाठी आहोत की ते आपल्यासाठी, हे ज्याने त्याने पाहावे. नामस्मरण अवश्य करावे, मात्र ते पाजता पाजता करावे. पाजण्याच्या ऐवजी नव्हे.

खारीच्या पाठीवरील पट्ट्यांची सेतुबंधनाची कथा लोकांत प्रसिद्ध आहे, आणि त्यावरून खारीचा वाटा हा शब्दप्रयोग मराठीत रुळला. पंचकृष्णांच्या उपासकांना त्या कथेचे प्रयोजन नाही. तो प्रयोग मात्र आपल्याही तोंडी आहे. इथे तो उलटा लावावा लागतो. खारीच्या जगण्यात आपला वाटा खारीएवढाच आहे.

जगलेले पिल्लू डोळे उघडते, अंगावर केस येतात, मऊ फळ कुरतडू लागते. त्या काळी केवळ भुईमूग आणि सूर्यफुलाचे बी देऊन भागत नाही. त्यात चुना अल्प असतो, हाडे ठिसूळ होतात आणि वाढलेली खार मागचे पाय ओढू लागते. पाला, फळे, कोंब असे मिश्र अन्न हवे. मग पिंजरा झाडाजवळ बांधून काही दिवस तिला वाऱ्याची, पानांची, इतर खारींच्या आवाजाची सवय होऊ द्यावी आणि दार उघडे ठेवावे. पहिले काही दिवस ती अन्नासाठी परत येईल. पुढे येणार नाही.

आणि जे वाचत नाही? श्वास तुटू लागला, अंग सैल पडले, तोंड उघडेना, अशा वेळी पिचकारी बाजूला ठेवावी. बळेच घातलेला थेंब त्याला गुदमरवतो. ऊब चालू ठेवावी, अंधार व शांतता करावी, दहा जणांनी वाकून पाहू नये, मंद स्वराने नाम घ्यावे. नंतर ते मातीआड करावे. त्या माउलीला मी हेच सांगितले, आणि तिने विचारले की पुन्हा पिल्लू सापडले तर घेऊ का. घ्यावे, असे सांगितले. काटा आणि पिचकारी मात्र आधी आणून ठेवावी.

तिच्या यजमानांना वेगळे सांगावे लागले, कारण रंगसफेदीचा ठराव त्यांचा होता. आपल्या मठांत यात्रेपूर्वी आणि दिवाळीपूर्वी झाडलोट होते, चिंचेच्या फांद्या छाटल्या जातात, कौले चाळली जातात. खार वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा विते, आणि तिची जागा म्हणजे हीच वळचण, हीच कौले, दिव्याच्या पाटीमागची हीच पोकळी. मजूर येण्याच्या आदल्या दिवशी कोणी तरी शिडी लावून पाहावे. तोंडात कापूस धरून खार ये-जा करीत असेल, किंवा आतून बारीक चिरचिर ऐकू येत असेल, तर तेवढी भिंत पिल्ले बाहेर पडेपर्यंत न रंगवता ठेवावी आणि मजुरास ती खडूने दाखवून द्यावी.