हरीण पडल्यावर

बार लागतो, हरीण कोसळते आणि नेम साधल्याचा आनंद शिकाऱ्याच्या अंगात मावत नाही. तोच माणूस जवळ जाऊन त्या अजून ऊन असलेल्या मानेवर हात ठेवतो आणि एकदम गप्प होतो. हे देशोदेशीच्या शिकाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. तेव्हा शाकाहाऱ्यांनी त्यांच्या माथी मारलेली ही कल्पना आहे, असे म्हणून सुटका होत नाही. स्पॅनिश तत्त्वज्ञ होसे ऑर्तेगा इ गासेत याने १९४२ साली मित्राच्या शिकारीवरील पुस्तकाला लांबलचक प्रस्तावना लिहिली. तो शिकारीचा कैवारीच. तरी चांगला शिकारी मृत्यूपुढे मनातून अस्वस्थ होतो, हे त्यानेही मान्य केले. प्रश्न आहे तो या अस्वस्थतेच्या मोलाचा. मन भरून आले म्हणून मारणाऱ्याच्या खात्यावरचे काही कमी होते का? मला वाटते, होत नाही. ही भावना म्हणजे एक साक्ष आहे, हरणालाही गमावण्यासारखे काही होते याची. साक्ष दिल्याने कर्ज फिटत नसते.

जर्मनी-ऑस्ट्रियातल्या शिकाऱ्यांचा रिवाज पाहा. हरीण उजव्या कुशीवर ठेवतात. ओक, पाइन, स्प्रूस, फर किंवा आल्डर यांपैकी एखाद्या झाडाची डहाळी तोडून त्याच्या तोंडात देतात, शेवटचा घास म्हणून. दुसरी डहाळी जखमेच्या रक्तात टेकवून शिकाऱ्याला देतात. ती तो टोपीत खोचतो. मग टोप्या उतरतात, शिंग फुंकले जाते. प्राण्यावर पाय ठेवून फोटो काढण्यापेक्षा हे शतपटीने सभ्य आहे, यात शंका नाही. पण या विधीने नेमके काय साधते? स्विस अभ्यासक कार्ल मॉयली याने १९४६ मध्ये अशा चालींना निर्दोषपणाचे नाटक म्हटले. सायबेरियातले काही शिकारी मेलेल्या अस्वलाला सांगत, तुला आम्ही नाही, रशियनांनी मारले. पुढे वॉल्टर बुर्कर्टने ‘होमो नेकान्स’मध्ये (१९७२) यज्ञातल्या पशुबळीचे मूळ याच अपराधभावात शोधले. त्याचा सगळा डोलारा पटो न पटो, एक गोष्ट उरतेच. भावना खरी नसती तर तिच्यासाठी एवढा सोपस्कार लागला नसता. आणि सोपस्कार उरकला की ती आटोपते. पुढच्या हंगामाला मन मोकळे.

यावर कोणी म्हणेल, ही नुसती मनाची दुर्बलता. खाटकाला कुठे असे होते? पण रोजच्या सवयीने जे बोथट झाले, ते मुळात नव्हतेच असे ठरत नाही. याहून बोचरा आक्षेप मटण खाणाऱ्यांवर उलटतो. काळ्या पिशवीतून अर्धा किलो घरी आणणाऱ्याला काहीच वाटत नाही, शिकाऱ्याला निदान वाटते तरी. हे मला मान्य आहे. शिकाऱ्याची अस्वस्थता त्या बेफिकिरीपेक्षा प्रामाणिक आहे. मात्र दुसऱ्याचा हिशेब अधिक वाईट आहे म्हणून आपला चुकता होत नाही. खरी अडचण आनंदाची आहे. ऑर्तेगाच्या मते मारणे हा शिकारीचा हेतू नव्हे, पण मारल्यावाचून शिकार पुरी होत नाही. म्हणूनच बंदुकीऐवजी कॅमेरा त्याला चालत नाही. मग आनंद आणि मृत्यू वेगळे काढायचे कसे? जो मृत्यू घडावा म्हणून माणूस पहाटेपासून दबा धरून बसला, त्याच मृत्यूचे त्याला वाईट वाटते. मी याला ढोंग म्हणणार नाही. पण हे प्रायश्चित्तही नव्हे, कारण प्रायश्चित्तात पुढच्या वागण्याचा काही करार असतो.

गरजेचा मुद्दा वेगळा आहे. युरोपाच्या बऱ्याच भागातून लांडगे माणसानेच संपवले. जर्मनीत ते २००० सालापासून कुठे पुन्हा विणीला लागले. हरणे माजली की रोपे खुडतात, जंगल नव्याने उगवत नाही, तेव्हा काही मारावीच लागतात. ठीक, पण तिथे समर्थन गरज करते, गहिवर नव्हे.

नुसता गहिवर आणि वागण्यातला बदल, महाभारतात दोन्ही तऱ्हा आहेत. पांडूने मृगरूपातल्या किंदम ऋषीला मैथुनाच्या क्षणी बाण मारले आणि वर राजाला मृगया विहितच आहे, असा वाद घातला. ऋषीनेही मारल्याचा नव्हे, थांबला नाहीस याचा दोष दिला. मग शाप झाला आणि पांडूने विलाप केला, पण तो बव्हंशी स्वतःच्या नशिबाचा. वनपर्वातला युधिष्ठिर मला अधिक जवळचा वाटतो. द्वैतवनातली हरणे त्याच्या स्वप्नात येतात, आता आम्ही बीजापुरतीच उरलो आहोत म्हणतात, मुक्काम हलव अशी विनवणी करतात. तो कोणताही विधी करत नाही. भावांना घेऊन काम्यकवनाकडे निघतो. यावर कोणी म्हणेल, त्याने संकट फक्त दुसऱ्या रानातल्या हरणांवर ढकलले. खरे आहे, जयद्रथाने द्रौपदीला पळवले तेव्हा पांडव काम्यकात शिकारीलाच गेले होते. युधिष्ठिर अहिंसक झाला नाही, पण द्वैतवनातल्या उरलेल्या कळपांना पुन्हा वाढायला अवधी मिळाला, आणि हरणांनी मागितले होते ते तेवढेच.