कुणी बघत असतं तर...

गणपती गेले आणि त्यानंतरच्या रविवारी माझा पुतण्या साताऱ्याला आला. तो सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत कनिष्ठ अभियंता आहे. सांगली जिल्ह्याला 1960 पर्यंत दक्षिण सातारा म्हणत. त्यामुळे आमच्या घरात सातारा आणि सांगली असा भेद कधी पडलाच नाही. एरवी हा मुलगा आला की अजिंक्यताऱ्यावर एक चक्कर मारून येतो. या वेळी मात्र त्याने पाय धुतले आणि पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला.

"काका, एवढी टिपणी तुमच्या हाताने लिहून द्या. आमच्या मराठीला सभेत कुणी दाद देत नाही."

उभे आयुष्य मी नगरपालिकेच्या भांडारात काढले. टिपणी लिहिणे हा माझा धंदाच होता. मी चष्मा लावला. प्रस्ताव बांधकाम विभागाच्या आवाराचा होता. जेथे पाइप, सिमेंटची पोती, डांबराची पिंपे, गटारांची लोखंडी झाकणे आणि रोलर असतात, तेच ते आवार. तेथले कॅमेरे जुने झाले आहेत. रात्री त्यांत काळोखाशिवाय काही उमटत नाही. चित्रण आठवड्याच्या आत पुसले जाते. सबब नवे कॅमेरे बसवावेत आणि त्यासाठी जिल्हा नियोजन समितीकडे निधी मागावा. खाली आकडा होता. तो वाचून मी चष्मा काढला.

"एवढ्या पैशांत झाडूवाल्या बायकांसाठी एक स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली होईल," मी म्हणालो. "तुम्ही हा पैसा कशावर घालता? अविश्वासावर!"

वाचकहो, माझ्या बोलण्यात थोडा अभिनिवेश होता, हे कबूल करतो. पण त्यामागे लहानपणचा एक संस्कार होता. माझी आजी मिरजेची. कानडी मुलूख तिच्या उंबऱ्यापासून फार दूर नव्हता. कनकदासांची गोष्ट ती नेहमी सांगे. गुरूंनी शिष्यांना एकेक केळे दिले आणि सांगितले, कुणी पाहत नसेल तेथे जाऊन खा. कोणी दाराआड खाल्ले, कोणी झाडामागे. कनकदास मात्र केळे तसेच घेऊन परत आले. देव पाहत नाही अशी जागाच त्यांना सापडली नव्हती. आजीची गोष्ट येथे संपे आणि आमच्या हातावर साखरफुटाणा पडे. ज्याच्या आत असा डोळा आहे, त्याला भिंतीवरचा डोळा कशाला हवा?

पुतण्याने माझे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाला, "काका, कनकदास एकटेच परत आले ना? बाकीच्या सगळ्यांनी केळी खाल्ली."

मी गप्प झालो. मुलगा खरे बोलत होता. प्लेटोने आपल्या 'रिपब्लिक' ग्रंथात एका मेंढपाळाच्या अंगठीची कथा दिली आहे. ती फिरवली की माणूस अदृश्य होई. अंगठी हाती येताच त्या साध्या मेंढपाळाने राणी वश केली, राजाला मारले आणि सिंहासन बळकावले. अशी अंगठी मिळाल्यावर किती जण सज्जन राहतील, हा तिथला प्रश्न. अडीच हजार वर्षे होत आली, तो प्रश्न सुटलेला नाही. रात्रीच्या अंधारात नगरपालिकेचे आवार ही तशीच एक अंगठी आहे.

शिवाय तेथला माल म्हणजे नुसते लोखंड नव्हे. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर पाण्यातून चालत घरी निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये पडून प्राणाला मुकले. ते झाकण कोणी चोरले नव्हते, पाणी ओसरावे म्हणून काढले होते. पण एका झाकणाची खरी किंमत त्या दिवशी सर्वांना कळली. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी तेथे 45 फूट आहे. पूर ओसरल्यावर गाळ उपसायला पंप लागतात आणि पाणी शुद्ध करायला पावडर लागते. त्या दिवशी भांडाराचे दार उघडावे आणि आत नोंदवहीतला माल नसावा, यासारखे पाप नाही. सार्वजनिक वस्तू चोरणारा कुणा एकाचे चोरत नाही, म्हणूनच त्याला ती चोरी वाटत नाही. आणि म्हणूनच ती मोठी असते.

हे सारे मला पटत होते. तरी लेखणी उचलवेना. याचे कारण मी पुतण्याला सांगितले नाही, येथे सांगतो.

1986 ची गोष्ट. मी त्या भागातल्याच एका नगरपालिकेत भांडारपाल होतो. वार्षिक मोजणीत नळजोडणीचे चोवीस पितळी फेरूल कमी भरले. पितळ म्हणजे मोडीत रोकड. रात्रपाळीला एकच रखवालदार असे. रोजंदारीवरचा, पन्नाशीचा, सगळे त्याला 'मामा' म्हणत. किल्ल्या त्याच्याकडे. आम्ही कोणी त्याच्यावर आरोप केला नाही. सगळ्यांनी त्याच्याकडे फक्त पाहिले. "साहेब, लेकरांची आण, मी हात लावला नाय," एवढेच तो म्हणाला. मी टिपणी लिहिली, 'रात्रपाळीच्या रखवालदाराविषयी संशयास जागा आहे.' वाक्य मोठे सफाईदार होते. रोजंदारीच्या माणसाला चौकशी नसते. दुसऱ्या दिवसापासून येऊ नको, एवढे त्याला तोंडी सांगण्यात आले.

आठ महिन्यांनी एका फायलीत टाचणीला अडकलेली एक चिठ्ठी मला सापडली. एका रविवारी तातडीच्या कामासाठी वरिष्ठांच्या हुकमाने ते चोवीस फेरूल नेले होते. चिठ्ठी माझ्याच टेबलावर आली होती. जावक नोंद करायची राहिली होती ती माझ्याच हातून.

मी मामाला शोधत सांगलीला गेलो. हळदीच्या पेठेत तो हमाली करत होता. केस, भुवया, हात, सारे पिवळे झाले होते. मी कसेबसे सांगितले. तो रागावला नाही. डोक्याचे फडके सोडून त्याने तोंड पुसले आणि म्हणाला, "साहेब, तवा कुणी बघत असतं तर बरं झालं असतं."

त्याची जागा एव्हाना भरली होती. मी परत येऊन साठ्याची नोंदवही दुरुस्त केली, चोवीस फेरूल जुळवले. टिपणीतले ते सफाईदार वाक्य मात्र दुरुस्त केले नाही. ते कोणी मागितले नव्हते, आणि माझी बढती जवळ आली होती. कनकदासांची गोष्ट ऐकून मी मोठा झालो होतो, आणि माझ्या हातात त्या दिवशी केळ्याचे साल होते.

पाहिले जाणे म्हणजे अपमान, असे मी आयुष्यभर मानत आलो. पण ज्याच्या शब्दाला किंमत असते, त्यालाच पाहिले जाण्याचा अपमान वाटतो. ज्याच्या शपथेवर कोणी विश्वास ठेवत नाही, त्या गरिबाला साक्षीदार हवा असतो. भिंतीवरचा डोळा चोर पकडतो, तसाच तो निर्दोष माणसाला सोडवूही शकतो. तो काय करील, हे त्याचे तोंड कोणीकडे आहे आणि त्याचे चित्र कोणाच्या हाती आहे, यावर ठरते. 1791 साली बेंथॅम या इंग्रज विचारवंताने एका तुरुंगाचा आराखडा प्रसिद्ध केला. मधल्या मनोऱ्यातला पहारेकरी सर्व कोठड्या पाहील. कैद्याला मात्र पहारेकरी दिसणार नाही. कनकदासांच्या देवात आणि या मनोऱ्यात फरक आहे तो एवढाच, की देव पहारेकऱ्यालाही पाहतो.

तोंड वळवता येते, हे आपल्याकडे ठाऊक नाही असे नाही. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांनी 1773 मधल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल रघुनाथरावांनाच देहान्त प्रायश्चित्त सांगितले. डोळा वर वळला, तो असा. 2 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व पोलीस ठाण्यांत कॅमेरे लावायला सांगितले, तेही कोठडीपासून अधिकाऱ्यांच्या खोलीपर्यंत. आणि ते चित्रण जपून ठेवावे, तक्रार झाल्यास मागवता यावे, असेही बजावले. तेथे पाहिला जातो तो दंडा हाती असलेला माणूस.

मी टिपणी लिहिली. निधीची शिफारस केली. पण तीन अटी घातल्या. एक, कॅमेरे फाटकावर लावाल तसे ठेकेदाराचा माल उतरतो व मोजला जातो तेथे, आणि भांडारपालाच्या टेबलावरही लावावेत. दोन, कोणाही कामगाराला संशयावरून कमी करण्यापूर्वी त्याच्यासमोर ते चित्रण दाखवावे. तीन, कॅमेरे आले म्हणून रखवालदाराला काढू नये. पाहणे यंत्राला जमते, धावून जाणे जमत नाही. स्वच्छतागृहासाठी वेगळी टिपणी जोडली.

पुतण्या वाचून हसू लागला. "काका, टेबलावर कॅमेरा म्हटलं तर प्रस्ताव मंजूरच व्हायचा नाही!"

"मग तो चोरांसाठी नव्हताच," मी म्हणालो.

तो कागद घेऊन गेला. मंजुरीचे अजून काही कळलेले नाही. एक चौथी अट माझ्या मनात होती. ती लिहिली नाही, कारण ती कोणत्याही निधीतून भागणारी नव्हती. आपल्या हातून एखाद्याविषयी खोटे लिहिले गेले, तर ते ज्या कागदावर लिहिले त्याच कागदावर खोडावे, आणि खाली आपली सही करावी. मामा आता हयात नसेल. ती नगरपालिका सोडूनही मला खूप वर्षे झाली. दिवाळीत पहाटे अंगाला उटणे लावताना हात पिवळे होतात, तेव्हा मला ती सांगलीची पेठ आठवते, आणि पाणी अंगावर घेईपर्यंत मी थोडा वेळ त्या हातांकडे बघत राहतो.