होतकरू

'होतकरू' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. होतकरू खेळाडू, होतकरू कवी, 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप'. या शब्दात दोन गोष्टी आहेत. एक समोर उभा असलेला मुलगा, आणि दुसरं त्याचं अजून न घडलेलं भविष्य. बोलणाऱ्याला बहुतेक वेळा रस असतो तो दुसऱ्या गोष्टीत. अमेरिकेत बेसबॉलवाले अशा मुलाला 'प्रॉस्पेक्ट' म्हणतात. जमिनीत सोनं शोधत हिंडणाऱ्याला 'प्रॉस्पेक्टर' म्हणतात, तोच हा शब्द. मुलगा म्हणजे जमीन, आणि सोनं निघालं तर ते शोधणाऱ्याचं.

तिकडे सतरा-अठरा वर्षांच्या शॉर्टस्टॉपवर (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा क्षेत्ररक्षक) लोक पानंच्या पानं लिहितात. हा मुलगा मोठ्या लीगमध्ये कधी पोचेल, बॅटिंग किती सुधारेल, आणि मुख्य म्हणजे आपल्या फँटसी संघात त्याला आत्ताच घेऊन ठेवावं का. 'डायनेस्टी लीग' नावाचा प्रकारच आहे, ज्यात खेळाडू वर्षानुवर्षं स्वतःकडे ठेवता येतो. म्हणजे तो खालच्या लीगमध्ये बसने रात्र-रात्र प्रवास करत असताना त्याचे 'मालक' देशभर पसरलेले असतात, आणि त्यातल्या एकानेही त्याला बसचं तिकीट काढून दिलेलं नसतं. हा खेळ सुरू झाला १९८० मध्ये. डॅनिएल ओक्रेंट नावाचा लेखक-संपादक आणि त्याचे मित्र न्यूयॉर्कच्या 'ला रोटिसरी फ्रान्सेज' नावाच्या हॉटेलात जेवायला जमायचे. त्यांनी खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर आपले खोटे संघ चालवायला सुरुवात केली. जेवणाच्या टेबलावरची ही गंमत पुढे केवढी फोफावली ते आपण फोनमध्ये पाहिलंच आहे.

आमच्या कर्जतपर्यंत ती ड्रीम११ मधून पोचली. (लोकलचं, रायगडातलं कर्जत नव्हे. सिद्धटेकचा गणपती आणि रेहेकुरीची काळविटं ज्या तालुक्यात आहेत ते.) क्रिकेटवर सगळेच खेळायचे, पण आमच्या चुलत-मावस भावंडांच्या ग्रुपवर खरी चुरस प्रो कबड्डीची. कारण साधं आहे. कबड्डी आम्हाला कळते. १०० क्रेडिटमध्ये ७ खेळाडू बसवायचे. कॅप्टन केलेल्याचे गुण दुप्पट, व्हाइस कॅप्टनचे दीडपट. आणि या खेळात आमच्याच जिल्ह्याचा एक जण होता, त्यामुळे त्याला न घेणं म्हणजे गद्दारी.

तो म्हणजे अस्लम इनामदार. नगर जिल्ह्यातल्या साध्या घरातला मुलगा. नवीन तरुण खेळाडू म्हणून पुणेरी पलटणमध्ये आला आणि आठव्या हंगामात, २०२१-२२ मध्ये, बंगळुरूच्या हॉटेलात करोनाच्या बंदोबस्तात झालेल्या स्पर्धेत खेळू लागला. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पलटणने हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली, तेव्हा तो कर्णधार होता. 'होतकरू' या शब्दातलं भविष्य इतक्या सरळ रेषेत खरं झालेलं क्वचितच दिसतं.

मग पुढच्याच हंगामात, नोव्हेंबर २०२४ मध्ये, त्याचा गुडघा गेला आणि उरलेल्या हंगामाला तो मुकला.

ती बातमी आली तेव्हा ग्रुपवर पहिली प्रतिक्रिया पडली ती अशी: 'ह्याला आत्ताच पडायचं होतं का? कॅप्टन केलाय मी.' खाली हसण्याचे इमोजी. त्याखाली दोन सणसणीत शिव्या, त्याही गुडघ्याला नव्हे, त्याला.

हा निबंध त्या शिव्यांबद्दल आहे. शिवी वाईट, सभ्यपणे बोलावं, असं मला म्हणायचं नाही. कबड्डीचं मैदान शिवीशिवाय चालत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे: अस्लमने आमचं नेमकं काय वाईट केलं होतं?

पीटर स्ट्रॉसन नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६२ मध्ये 'फ्रीडम अँड रिझेंटमेंट' हा निबंध लिहिला. तो म्हणतो, माणसाकडे बघण्याच्या दोन तऱ्हा असतात. एक, आपण त्याच्याशी संबंधात असतो. त्याने मुद्दाम पाय दिला तर राग येतो, मदत केली तर कृतज्ञता वाटते, शब्द मोडला तर मन दुखावतं. राग आणि कृतज्ञता ही त्या माणसाला माणूस मानल्याचीच खूण. दुसरी तऱ्हा अलिप्त. डॉक्टर भ्रमात बडबडणाऱ्या रुग्णाकडे बघतो तशी. तिथे आपण अंदाज बांधतो, उपाय करतो, सांभाळून घेतो, पण रागावत नाही. पावसावर कोण रुसतं? (शेतकरी रुसतो, पण तो पावसाला देव मानतो म्हणून.)

फँटसीत या दोन तऱ्हांची चमत्कारिक खिचडी होते. संघ लावताना मी पूर्ण अलिप्त असतो. हा आठ क्रेडिटचा, तो बारा क्रेडिटचा. याचा खांदा दुखतोय, टाळा. त्याची समोरच्या कोपरारक्षकापुढे डाळ शिजत नाही, टाळा. माणसं नाहीतच, रकाने आहेत. इथपर्यंत मला तक्रार नाही. अंदाज बांधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. आमच्या कंपनीत गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात राहील की सोडून जाईल याची मॉडेल्स आम्ही बनवतो. पण मॉडेल चुकलं तर मी डेटाला आईबहिणीवरून शिव्या देत नाही. मॉडेल दुरुस्त करतो. फँटसीवाला मात्र संघ लावताना वैज्ञानिक असतो आणि निकाल लागल्यावर फसवलं गेलेला सावकार होतो. अंदाज त्याचा, चुकला तोही त्याचाच, आणि जाब विचारायचा त्या मुलाला, ज्याला आपला कोणी असा अंदाज बांधलाय हे माहीतही नाही. राग यायला संबंध लागतो, आणि इथे संबंध एकतर्फी, तोही पन्नास रुपयांचा.

चुलतभावाचं यावर उत्तर होतं, 'मग कुस्तीच्या फडात लोक ओरडत नाहीत का?' उत्तर चांगलं आहे, म्हणून त्यावर थांबायला हवं.

मार्च २०२५ मध्ये ६६वी महाराष्ट्र केसरी आमच्या कर्जतलाच झाली, सोलापूरच्या वेताळ शेळकेने गदा नेली. पण भाऊ म्हणत होता ते जत्रेतल्या मैदानाबद्दल. तिथे पैसा फिरतो तो कसा, हे पाहण्यासारखं आहे. माइकवरून इनाम पुकारलं जातं, अमक्यातमक्याकडून पाचशे. जिंकलेला पैलवान लंगोटावरच कडेकडेने फिरतो आणि लोक त्याच्या हातात नोटा ठेवतात. दहाची का असेना, ती त्याच्या मुठीत जाते. अंगाची माती नोटेला लागते. तिथेही लोक चिडतात. सगळ्यात जास्त चिडतात ते नुरा कुस्तीवर, म्हणजे आधीच ठरवून केलेल्या लढतीवर. तो राग स्ट्रॉसनलाही पटला असता, कारण पैलवानाने खरोखर फसवलेलं असतं. पण खांदा निखळलेल्या पैलवानाला फडात कोणी शिव्या दिल्याचं मी पाहिलेलं नाही. त्याला उचलायला चार जण धावतात.

फँटसीत पैसा प्रेक्षकाकडून प्रेक्षकाकडे जातो, मधे कंपनी आपला वाटा कापून घेते, आणि ज्याच्या गुडघ्यावर हे सगळं उभं आहे तो या व्यवहारात कुठेच नसतो. हे कायदेशीरही ठरलेलं आहे. अमेरिकेत खेळाडूंची नावं आणि आकडे वापरायला परवाना लागतो का, यावर खटला झाला. २००७ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की ही माहिती सगळ्यांसाठी खुली आहे, फँटसी कंपनीने परवाना घ्यायची गरज नाही. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ड्रीम११ हा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं. कौशल्य कोणाचं? संघ लावणाऱ्याचं. दोन्ही निकाल आपापल्या जागी समजण्यासारखे आहेत. पण ज्याच्या शरीराने ते आकडे घडवले, त्याचं त्या आकड्यांशी नातं काय, हा प्रश्न तसाच उरतो.

शिवाय ते आकडे अपुरे असतात, आणि कबड्डीत तर फारच. समजा चढाई करणाऱ्याचा घोटा कोपऱ्यातल्या खेळाडूने धरला. तो सुटून रेषेकडे झेपावणार, एवढ्यात शेजारच्या मध्यरक्षकाने अंग टाकलं. पकडीचा गुण एकाच्याच नावावर लागतो. ज्याने अंग टाकलं त्याच्या बरगड्या दुखतात आणि रकान्यात शून्य राहतो. २०२४ च्या त्या अंतिम सामन्यातही पलटणकडून सर्वाधिक गुण होते पंकज मोहितेचे. कर्णधाराने त्या चाळीस मिनिटांत कोणाला कधी चढाईला पाठवलं, कोणाला शांत केलं, याला क्रेडिट किती?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला. कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदच त्यात ठेवला नाही. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंग आणि एक कोटीपर्यंत दंड. २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि २९ ला प्रो कबड्डीचा बारावा हंगाम सुरू झाला. माझ्यासारख्यासाठी हा आयता प्रयोगच होता. पैसा काढून घेतला, तर शिव्या जातात का?

पैसे गेले, शिव्या राहिल्या. ग्रुपवर आता वहीत संघ लिहून फोटो टाकतात, हरणाऱ्याने मिसळ द्यायची. अस्लम बरा होऊन परत आला, पलटण अंतिम सामन्यापर्यंत गेली आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. त्या रात्रीचे मेसेज गुडघ्याच्या रात्रीपेक्षा फार वेगळे नव्हते. म्हणून कायदा वाईट असं नाही. या खेळांपायी कर्जबाजारी झालेली पोरं आमच्याकडेही आहेत. पण माझ्या लेखी रोग पैशात नव्हता. दुसऱ्याचं भविष्य हे आपलं येणं आहे, असं वाटण्यात तो आहे, आणि त्याला ॲप लागत नाही. गावही हेच करतं. मुलाला खुराकासाठी वर्गणी काढतात, टी-शर्ट देतात, आणि मग तो जिल्हा निवडीत बाद झाला की चौकात 'आपले पैसे पाण्यात गेले' म्हणतात. फरक एवढाच की गावाने निदान दूध तरी पाजलेलं असतं.

आमच्या गल्लीत असा एक मुलगा आहे. सतरा वर्षांचा, डावा कोपरा खेळतो. घोट्याची पकड अशी की सुटायचं नाव नको. सगळे त्याला 'पुढचा अस्लम' म्हणतात, जरी अस्लम चढाईला जातो आणि हा बचावातला. परवा दिवाळीत तो घरी आला आणि म्हणाला, 'दादा, तू कॉम्प्युटरवर अंदाज काढतो ना. माझं काय होईल सांग की.'

हे उत्तर काढणं अवघड नाही. प्रो कबड्डीत संघ बारा, एका संघात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू. म्हणजे सगळ्या देशातून तीनशे जागा, त्यातल्या हरियाणावाले किती घेऊन जातात ते सगळ्यांना माहीत आहे. वाट अशी: आधी जिल्हा, मग राज्याचा कुमार गट, मग कोणाच्या तरी नजरेत भरणं, मग एखाद्या अकादमीत वर्ष-दोन वर्षं, आणि एवढ्या काळात गुडघा शाबूत. पण हे त्याच्याबद्दलचं उत्तर झालं, आणि तो तर माझ्यासमोर बसला होता. त्याच्याबद्दल मी जे बोलेन त्यातून तो उद्या पहाटे मैदानावर जायचं की नाही हे ठरवणार होता. पावसाचा अंदाज सांगितल्याने पाऊस बदलत नाही. या पोराचा बदलतो.

तरी तीनशेचा आकडा मी त्याला सांगितला. लपवणं म्हणजे त्याला लहान समजणं झालं असतं. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी स्पर्धांची प्रमाणपत्रं नीट फाइल करून ठेव, हेही सांगितलं. त्याने मान हलवली. टक्केवारी विचारली नाही, मीही दिली नाही. मग मी विचारलं, तुझ्या शेजारी मधे कोण खेळतो?

त्याचा चेहराच बदलला. पुढची वीस मिनिटं तो त्या मध्यरक्षकाबद्दल बोलत होता. मिरजगावचा आहे, वडिलांबरोबर ट्रॅक्टरवर असतो म्हणून सरावाला उशिरा येतो, पण मी घोटा धरला की मागे बघावं लागत नाही दादा, तो आलेलाच असतो. गुण माझ्या नावावर पडतात आणि हा वेडा टाळ्या वाजवतो. जिल्ह्याच्या निवडीला आम्ही दोघंच बरोबर जाणार, त्याला एकट्याला एसटीचं तिकीट परवडत नाही म्हणून मी माझ्या बक्षिसातले ठेवलेत, असं म्हणत त्याने खिशातून घडी घातलेल्या नोटा काढल्या आणि माझ्यासमोर मोजल्या.