दीड किलोच्या गाडीतला मध्यममार्ग

कॅलिफोर्नियातल्या असोसिएटेड कंपनीने १९८४ साली आरसी१० नावाची बग्गी बाजारात आणली. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, रिमोटवर पळणारी. दिसायला खेळणंच, पण चारही चाकांना तेल भरलेले ॲल्युमिनियमचे शॉक. आज मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या अशा गाडीचं वजन जेमतेम दीड किलो असतं, आणि तिचा मालक शर्यतीच्या आदल्या रात्री या शॉकच्या बोटाएवढ्या चार नळ्या उघडून बसलेला असतो.

नळीत सिलिकॉन ऑइल, त्यात दांड्याच्या टोकाला बारीक छिद्रांचा पिस्टन, बाहेरून स्प्रिंग. चाक उंचवट्यावर चढलं की स्प्रिंग दबते. एकट्या स्प्रिंगला थांबणं ठाऊक नसतं, ती गाडीला नाचवतच राहते. तिला आवरतं ते छिद्रांतून वाट काढणारं तेल. धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन त्यात मुरते.

धक्का बसूनही आवरलेलं असणं म्हणजे काय, हे कोडं जुनं आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाचा एक प्रश्न आहे, आणि तो चक्क मेकॅनिकला शोभावा असा आहे: स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? व्याख्येवर त्याचं समाधान नाही, त्याला खूण हवी आहे. सर्वसाधारण समजूत अशी की ज्याच्यावर कशाचाच परिणाम होत नाही तो स्थितप्रज्ञ. मग दांडा अडकून बसलेल्या शॉकलाही ही पदवी द्यावी लागेल! तशी गाडी पहिल्याच खडबडीत वळणावर उधळते, कारण चाकं जमीन सोडतात आणि सुटलेल्या चाकाला ना वळता येत ना थांबता.

नाचणारी स्प्रिंग आणि अडकलेला दांडा यांच्यामधली वाट शोधताना बौद्ध परंपरेतली सोण कोळिवीसाची गोष्ट आठवते. राजगृहाजवळच्या सीतवनात हा श्रीमंत घरातला भिक्खू चालत ध्यान करी, इतका की पायांतून रक्त आलं. तो पूर्वाश्रमीचा वीणावादक. बुद्धाने त्याला विचारलं की तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर वीणा वाजते का? सोणाला मुद्दा कळला: साधनेचंही तसंच. दाखला सुंदर आहे, पण त्यातून एक गैरसमज सहज होतो: मध्य म्हणजे दोन टोकांमधली एक ठरलेली जागा, ती एकदा सापडली की काम झालं.

शॉक तसं होऊ देत नाही. एका शॉकमध्ये मोठ्या छिद्रांचा पिस्टन आणि दाट तेल, दुसऱ्यात लहान छिद्रं आणि पातळ तेल. हाताने हळू दाबले तर दोन्ही सारखेच वाटू शकतात. फरक कळतो गाडी उडी मारून आदळते तेव्हा. लहान छिद्रांतून तेल तेवढ्या वेगाने जाऊ शकत नाही, शॉक एकदम कडक होतो. शर्यतवाले याला ‘पॅक’ म्हणतात. सावकाश चाललेल्या आयुष्यात सगळेच शांत दिसतात, तसंच हे.

बरं, पॅक होणं हा दोष म्हणावा तर तेही नाही. मोठ्या उड्यांच्या ट्रॅकवर तोच गाडीचं पोट जमिनीवर आपटू देत नाही. बारीक खाचखळग्यांच्या ट्रॅकवर तोच घात करतो. ॲरिस्टॉटलने मिलो या पहिलवानाचं उदाहरण देऊन हेच सांगितलं आहे. दहा मापं अन्न जास्त आणि दोन कमी, म्हणून उस्तादाने सगळ्यांना सहा वाढायची नसतात. मिलोला सहा अपुरी, नवशिक्याला फार. मध्य ठरतो तो माणसागणिक आणि प्रसंगागणिक.

शिवाय लागलेली जुळणी टिकत नाही. तेल काळवंडतं, ते गळू न देणारी रबरी ओ-रिंग झिजते, आत हवा शिरते. मग शॉक उघडायचा, जुनं तेल ओतून टाकायचं, ओ-रिंग बदलायची आणि दांडा घालताना त्याच्या आट्यांनी नवी ओ-रिंग कापली जाणार नाही हे पाहायचं. तेल भरल्यावर पिस्टन सावकाश वरखाली करून बुडबुडे वर येऊ द्यायचे आणि थांबायचं. घाईने काही मिळत नाही. नळी तेलाने ठासून भरली तर दांडा आत जायला जागाच राहत नाही, कारण तेल दबत नाही. ती जागा मिळावी म्हणून झाकणाखाली रबरी पडदा असतो, किंवा थोडी हवा मुद्दाम ठेवतात. शेवटी डावा आणि उजवा शॉक शेजारी धरून दोन्ही सारखे उसळतात का ते पाहायचं. एकटा शॉक कितीही उत्तम असला तरी जोडीदाराशी जुळला नाही तर गाडी एका बाजूला ओढते.

थंडीत तेल दाटतं, म्हणून सकाळच्या फेरीला पातळ आणि दुपारच्या उन्हात दाट तेल घालणारे लोक आहेत. गाडी तीच, चालक तोच. मध्यममार्गावरच्या वादात वीणेपेक्षा पहिलवानाचं पारडं जड ठरतं ते इथे. आणि ज्यांना प्रत्यक्ष शॉक भरायचे आहेत त्यांनी बाटलीवरच्या ‘वजना’च्या, म्हणजे दाटपणाच्या, आकड्यावर विसंबू नये. असोसिएटेडचं ३० वजनाचं तेल ३५० सेंटिस्टोक्स इतकं दाट असतं. दुसऱ्या कंपनीचं ३० तेवढंच दाट असेल असं नाही.